आठवं ऊन

सालोमीने मांडवावरचं एक केळं दोन बोटांत धरून हलकेच दाबलं, उजेडाकडे करून पाहिलं आणि कूस बदलून पुन्हा चटईवर ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. मांडव कमरेएवढा उंच होता, बांबूंचा, तिच्या नवऱ्याने, हिलरीने, स्वतःच्या हाताने बांधलेला. त्यावर चटया आणि चटयांवर सोललेली राजेळी केळी ओळीने निजलेली. सोमवारी सोलली तेव्हा ती पांढुरकी होती. आज शनिवारी मधाच्या रंगावर आली होती आणि बोट लावलं की बोटाबरोबर उठू पाहत होती.

"आजी, फोन कुठला टाकू?" ओट्यावरून क्रिस्टिनाने विचारलं.

"कशात टाकतेस?"

"वेबसाइटवर गं. फोटो झाले, माहिती झाली. आता शेवटचं पान राहिलंय. संपर्क."

क्रिस्टिना ही सालोमीची नात, तिच्या मुलाची, मेलरॉयची मुलगी. आईबापांबरोबर मनवेलपाड्याला राहायची, अंधेरीला नोकरी करायची, आणि गेले तीन शनिवार-रविवार नंदाखालला येऊन आजीच्या सुकेळ्यांची वेबसाइट बनवत होती. मांडीवर लॅपटॉप, बाजूला चहाचा कप आणि कपावर बशी झाकलेली, कारण माश्या गोडाला येतात आणि या अंगणात सगळंच गोड होतं.

"आधी सोपं काय ते विचार," सालोमी म्हणाली.

"बरं. वेळ? म्हणजे गिऱ्हाइकाने कधी यायचं?"

"ऊन असेल तोवर."

"आजी, नऊ ते सहा असं काहीतरी लिहावं लागतं."

"मग लिही नऊ ते सहा. ऊन नसलं तर मी काय लाइट लावून सुकवणार आहे?"

क्रिस्टिना हसली आणि तिने काहीतरी टाइप केलं.

"पत्ता?"

"नंदाखाल. क्रुसापासून आत, विहिरीच्या मागे."

"तसं नाही, नकाशावर खूण करायची असते. हे बघ." तिने लॅपटॉप उचलून मांडवाजवळ आणला. सालोमीने हात लांब धरले, लागू नयेत म्हणून, आणि मान पुढे केली. हिरवं हिरवं दिसत होतं आणि त्यात एक पांढरी रेघ. "ही आपली गल्ली. पण ही इथेच संपते. ऑस्करकाकाच्या गेटशी. आपलं घर यात नाहीच."

"नाही म्हणजे? मग मी कुठे उभी आहे?"

"झाडात," क्रिस्टिना म्हणाली. "वरून सगळी माडाची शेंडीच दिसते. खूण ऑस्करकाकाच्या गेटवर करावी लागेल."

सालोमीने मान मागे घेतली. अडुळशाच्या कुंपणापलीकडे ऑस्करचं घर होतं. खालचा मजला जुना, कौलारू पडवीचा, आणि त्यावर नवा मजला, फिका गुलाबी. त्या घरात ऑस्करची आई रेजिना राहायची, सालोमीची मोठी जाऊ. तिची खिडकी मांडवाच्या अगदी समोर होती. खिडकीला विणलेला पांढरा पडदा, आणि तो पडदा नेहमी एका बाजूने वीतभर सरकवलेला.

"बघ, आहेच," सालोमी पुटपुटली. "दिवसभर बघत असते. माझ्या केळ्यांची मोजदाद करते की काय, देव जाणे."

"तू जाऊन विचारत का नाहीस?"

सालोमीने पुढची ओळ उलटायला घेतली.

विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी ऑस्करने तो वरचा मजला चढवला. तोवर या अंगणात सकाळी आठपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत ऊन होतं. मजला झाला आणि तीन वाजताच सावली मांडवावर यायला लागली. मांडव हलवावा तर एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला माड. राजेळी केळं सात उन्हांत तयार होतं. सासूपासून चालत आलेला हिशेब होता तो. सात उन्हं दाखवायची, रोज संध्याकाळी टोपलीत भरून सुक्या पानांखाली दडपून ठेवायची, सकाळी पुन्हा पसरायची. सात उन्हांच्या आधीच उचललं तर आत ओल राहते आणि फळ बुरशी धरतं. त्या वर्षी सात उन्हं झाली तरी फळ आतून ओलंच राहिलं. एक ऊन जास्त द्यावं लागलं.

तेव्हा सालोमी कुंपणाशी उभी राहून मोठ्याने म्हणाली होती, "तुझ्या घराने माझं एक ऊन खाल्लं, बाय!"

रेजिना खिडकीत होती. त्या दिवसापासून दोघींत बोलणं नव्हतं. रविवारी मिस्सेत फादर म्हणाले की एकमेकांना शांती द्या, की दोघी बाकांवरून एकमेकींकडे वळून हात जोडायच्या. तेवढंच. हिलरी गेला तेव्हा रेजिनाने तीन दिवस जेवणाचे डबे पाठवले, पण ऑस्करच्या हाती. सालोमीने डबे घासून, त्यात एकेक नारळ ठेवून परत पाठवले. तेही ऑस्करच्याच हाती.

आणि फळ आता आठ उन्हांचं झालं होतं तरी सालोमी विचारणाऱ्याला सातच सांगायची. आठ म्हणताना तिची जीभ वळत नसे.

"आजी, फोन," क्रिस्टिनाने पुन्हा आठवण केली. "पप्पा म्हणतात त्यांचा नंबर टाक. व्हॉट्सॲप पण त्यावरच. ते ऑर्डर घेतील, कुरियर करतील. तुला त्रास नाही."

सालोमीचे हात थांबले.

"नाताळात त्याने घेतली होती की एक ऑर्डर," ती म्हणाली.

क्रिस्टिनाला ती गोष्ट माहीत होती. घरात सगळ्यांनाच माहीत होती. ठाण्याच्या कुणा बाईला मेलरॉयने फोनवर सांगितलं होतं, हो हो, तयार आहेत, उद्या माणूस पाठवा. आणि माणूस आला तेव्हा सालोमी मिस्सेला गेली होती. नाताळाला आलेल्या सुनेने टोपलीतली दोन किलो बांधून दिली. चौथ्या उन्हाची. दहा दिवसांनी त्या बाईने फोटो पाठवला. केळ्यांवर पांढरी लव उगवलेली. फोटो पाहून सालोमी त्या दिवशी जेवली नव्हती. पैसे मेलरॉयने परत केले, पण त्या बाईच्या घरात राजेळीचं नाव काय राहिलं असेल, याचं काय?

"फोनवर बोलायचं म्हणजे फळ बघून बोलायचं," सालोमी म्हणाली. "ऑफिसात बसून त्याला काय दिसतं? उद्या हे तुझं लाखो लोक बघतील. प्रत्येकाला तो हो हो म्हणेल. तो नंबर नको. फळ माझं आहे, बोलणं पण माझंच हवं."

"मग तुझा मोबाइल टाकते."

क्रिस्टिना म्हणाली आणि तिलाच हसू आलं.

सालोमीचा मोबाइल स्वयंपाकघरात खिळ्याला कापडी पिशवीत लटकलेला असायचा. मांडवाशी असताना तो वाजला तरी ऐकू येत नसे, आणि ऐकू आला तरी हात केळ्यांनी चिकट असायचे. मागच्या वर्षी एकदा तिने घाईत तशाच हाताने उचलला होता. रात्रीत मोबाइलमध्ये मुंग्या शिरल्या. दुरुस्तीवाल्याने तो उघडून टेबलावर आपटला तेव्हा आतून पन्नासेक मुंग्या पडल्या, आणि तो म्हणाला होता की आजी, यात साखर भरता का तुम्ही?

"ईमेल तरी तुझ्या बापाचा टाक," सालोमी म्हणाली. "त्याचा मान राहील."

क्रिस्टिनाने ते टाकलं. मग ती आत गेली आणि जुन्या पत्र्याच्या डब्यातून लेबलांचा गठ्ठा घेऊन आली. सुकेळी केळीच्या सुक्या पानात गुंडाळून सोपटाने, केळीच्या खोडाच्या सुक्या सालीने, बांधली की वरून हे लेबल खोचायचं. हिलरीने पंचवीस वर्षांपूर्वी विरारच्या प्रेसमधून पाच हजार छापून आणली होती. अजून संपली नव्हती. हिरव्या शाईत केळीचं झाड, खाली 'नंदाखालची राजेळी सुकेळी', त्याखाली हिलरीचं नाव आणि शेवटी एक फोन नंबर. नंबरावर निळ्या पेनाने आडवी रेघ मारलेली.

"हा नंबर कुणाचा?"

"जुना आहे. बंद."

"पण रेघ कशाला मारलीस? प्रत्येकावर आहे ही."

"बंद नंबर ठेवायचा का मग?"

क्रिस्टिनाने लेबल डोळ्यांजवळ धरलं. "लँडलाइन आहे. रेजिनाआजीकडचा ना हा? लावून बघितलास कधी?"

"बंदच असणार. आता कुणाच्या घरी असतो तो फोन?"

त्या वेळी साऱ्या गल्लीत फोन एकट्या रेजिनाकडे होता. मुंबईच्या गिऱ्हाइकाचा फोन आला की ती खिडकीतून हाक मारायची, "सालोमी, गिरगाव!" किंवा "सालोमी, दादर!" आणि सालोमी हात पदराला न पुसता, कोपरांनी फाटक ढकलत धावायची. रेजिना रिसीव्हर तिच्या कानाशी धरून उभी राहायची. सालोमी बोलायची आणि रेजिना धरायची. कधी गिऱ्हाईक जास्त बोलायला लागलं तर रेजिना डोळ्यांनी खुणावायची, आवर, माझा हात दुखतो.

भांडणानंतर सालोमीने एका रात्रीत बसून गठ्ठ्यातल्या चारशे लेबलांवर रेघा मारल्या होत्या. पुढचे गठ्ठे लागतील तसे. रेघ पातळ होती. नंबर तिच्या आरपार स्वच्छ दिसायचा. पण सालोमीच्या मनाचं समाधान व्हायचं.

आणि तरी गिऱ्हाइकं येत राहिली. नवल म्हणजे बरोबर दिवशी येत राहिली. टोपली बांधायला घ्यावी आणि फाटकाशी कुणीतरी उभं. सालोमीला याचा मोठा अभिमान होता. ती शेजारपाजारी सांगायची, राजेळीची गिऱ्हाइकं जाणती असतात, त्यांना फळाचा अंदाज असतो. हिलरीने नाव कमावून ठेवलंय.

बाहेर स्कूटर थांबली.

फाटकातून एक चाळिशीचा माणूस आत आला. डोक्यावर हेल्मेट, हातात कापडी पिशवी. मांडव बघून त्याने चपला बाहेरच काढल्या. सालोमीला ते आवडलं.

"मावशी, मी परेश. बोरिवलीहून. आईसाठी नेतो दरवर्षी."

"ये ये. पण अजून वेळ आहे रे. आज तयार नाहीत."

"माहीत आहे, माहीत आहे. सोमवारी आठवं ऊन ना? तुम्ही सांगितलंत फोनवर. पण आज अर्नाळ्याला आलो होतो मित्राकडे, म्हटलं दोन किलो बाजूला ठेवायला सांगून जातो. सोमवारी भाऊ येईल घ्यायला."

सालोमीच्या हातातलं केळं हातातच राहिलं.

"मी सांगितलं?"

"हो, मंगळवारी. मी विचारलं, रविवारी येऊ का, सात दिवस होतात. तर तुम्ही म्हणालात, रविवारी नको, सातव्या उन्हाला आत ओल राहते. सोमवारी दुपारनंतर या."

क्रिस्टिनाने लॅपटॉपवरून मान वर केली.

"कुठल्या नंबरवर बोललास तू?" सालोमीने विचारलं.

परेशने खिशातून पाकीट काढलं आणि पाकिटातून घडी घातलेला हिरव्या शाईचा कागद. आडव्या रेघेचा. घडीवर झिजून तो कापडासारखा मऊ झाला होता. "हाच की. आईच्या डब्यात असायचा. यावर रेघ आहे म्हणून पहिल्यांदा मला वाटलं, बंद असेल. पण लागला. तीन वर्षं यावरच करतो." तो जरा थांबला. "आवाज मात्र फोनवर वेगळा वाटतो तुमचा. जाड."

क्रिस्टिनाने तोंडावर हात ठेवला.

"आणि काय काय सांगितलं मी?" सालोमीचा आवाज अगदी साधा होता.

"काही नाही, असंच. पहिल्या वर्षी मी म्हणालो, आई तर सात उन्हं म्हणते, तुम्ही आठ कसं म्हणता? तर तुम्ही म्हणालात, पूर्वी सातच होती. आता दुपारी सावली पडते मांडवावर. आमच्याच घराची आहे म्हणालात, काय करणार, एक दिवस जास्त थांबा, पण फळ चांगलं न्या." परेशने मांडवाच्या मागे सालोमीच्या बैठ्या कौलारू घराकडे पाहिलं, मग कुंपणापलीकडच्या गुलाबी मजल्याकडे, आणि काही न समजून हसला. "मला वाटलं, तेच घर तुमचं."

सालोमीने हातातलं केळं खाली ठेवलं. उलटं की सुलटं ते तिने पाहिलं नाही.

"दोन किलो ठेवते," ती म्हणाली. "सोमवारी दुपारनंतर पाठव भावाला. आणि आईला सांग, सावलीचं खरं आहे."

परेश गेला. स्कूटरचा आवाज क्रुसाच्या वळणावर विरला.

सालोमी विहिरीच्या कठड्यावर बसली. गेल्या वर्षीची एक वयस्क बाई तिला आठवली, आपलं बोलणं झालंय म्हणणारी. ती बहुधा मागच्या खेपेचं म्हणत असेल, असं धरून सालोमी नुसती हसली होती. त्याच्या आधी एक शिक्षक. तो म्हणाला होता, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आलो. शिक्षक लोक असंच बोलतात, असं तिला वाटलं होतं. आठ वर्षं. एकही माणूस कच्च्या फळावर आला नव्हता. एकही रिकाम्या हाताने गेला नव्हता. मेलरॉयचं ते ठाण्याचं गिऱ्हाईक सोडलं तर.

तिने हात पाहिले. चिकट होते. कोरड्या सोपटाचा बोळा घेऊन ती ते पुसत बसली, एकेक बोट, नखांच्या कडांपर्यंत, जणू कुणाच्या लग्नाला निघायचं होतं.

क्रिस्टिनाचा मोबाइल वाजला. मेलरॉय होता. तिने तो स्पीकरवर टाकला.

"काय झालं गं पानाचं? टाकला का माझा नंबर?"

"पप्पा, नाही अजून."

"अगं त्यात काय विचार करायचा? आई कुठे आहे? आई, ऐकतेस ना? लोक हल्ली पाच मिनिटं थांबत नाहीत. फोन उचलला पाहिजे कुणीतरी. तू उचलणार आहेस का?"

"मी नाही," सालोमी म्हणाली.

"तेच म्हणतोय मी! मग कोण उचलणार?"

सालोमी कठड्यावरून उठली. गुडघ्यांनी कुरकुर केली. "थांब जरा," ती म्हणाली. मुलाला की गुडघ्यांना, ते कळलं नाही. आणि ती कुंपणाकडे चालत गेली.

अडुळसा वाढून खांद्याला लागला होता. आठ वर्षांत कुणी छाटला नव्हता, ना इकडून ना तिकडून. तिने दोन फांद्या बाजूला केल्या. खिडकी समोर होती. पडदा वीतभर सरकलेला. आत चौकटीवर काळा फोन दिसत होता, त्यावर पडद्याच्याच विणीचं झाकण. फोनशेजारी भिंतीला चर्चचं कॅलेंडर टांगलेलं, आणि या महिन्याच्या पानावर सोमवारपासून आजपर्यंत ओळीने पेन्सिलीच्या खुणा. सहा.

सालोमी त्या खुणांकडे पाहत राहिली.

"बाय," तिने हाक मारली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. विहिरीवरचा कावळा उडाला.

आत खुर्ची सरकली. पडदा पुरता बाजूला झाला आणि रेजिना खिडकीत आली. केस पार पांढरे झाले होते. मिस्सेत डोक्यावर पदर असायचा, म्हणून इतके दिसले नव्हते.

"काय गो?" रेजिना म्हणाली. जणू काल रात्रीच बोलणं अर्धवट राहिलं होतं.

सालोमीला काय विचारायचं ते ठाऊक होतं, पण तोंडातून दुसरंच निघालं. "तुझा फोन चालतो?"

"चालतो. न चालायला काय झालं त्याला? ऑस्कर म्हणतो काढून टाकू. मी म्हटलं, राहू दे. असतं कुणाकुणाचं काम."

"ही मेलरॉयची पोरगी कॉम्प्युटरवर टाकते आहे सगळं. सुकेळ्यांचं. त्यात फोन नंबर लागतो."

"मग?"

"मग तुझा टाकू का, विचारते आहे."

रेजिनाने खिडकीची चौकट हाताने पुसली. तिथे धूळ नव्हती.

"लोक फार येतील का?" तिने विचारलं.

"ही म्हणते, लाखो."

"लाखो येऊ देत. सकाळी मिस्सेच्या वेळी फोन करू नका म्हणावं. आणि दुपारी दोन ते तीन मी पडते जरा. हे लिही म्हणावं तिला."

"लिहील."

"आणि कच्चं फळ मी कुणाला देऊ द्यायची नाही. तुझ्या मेलरॉयला पण सांगून ठेव. नाताळात काय केलं त्याने ते मला कळलं नाही असं समजू नको."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्या ठाण्याच्या बाईने. तिने आधी मलाच फोन केला होता. मी म्हटलं, पाच दिवस थांब. तिला घाई. मग मेलरॉयचा नंबर मिळवला कुठून तरी."

मागे ओट्यावर मेलरॉयचा आवाज स्पीकरमधून येत होता, हॅलो, हॅलो, कोण बोलतंय तिथे? क्रिस्टिनाने तो बंद केला.

दोघी जावा कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. सालोमीला वाटलं, आता उन्हाचं काहीतरी बोललं पाहिजे. ते आठ वर्षांपूर्वीचं वाक्य तिथेच कुठेतरी अडुळशात अडकून राहिलं होतं. पण ते काढायचं कसं, हे तिला कळेना. तिने एक फांदी मोडली, मग दुसरी.

"मोडू नको," रेजिना म्हणाली. "ऑस्करला सांगते, कात्रीने छाटेल. नीट दिसत पण नाही यातून. मान लांब करून बघावं लागतं."

"कितवं आहे आज?" सालोमीने विचारलं.

रेजिनाने कॅलेंडरकडे पाहिलं नाही. "सहावं. अजून दोन."

"दोन," सालोमी म्हणाली.

ती परत फिरली. चार पावलं आली असेल नसेल, मागून रेजिनाची हाक आली, पूर्वीसारखी, खिडकीतून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"सालोमी! डावा कोपरा उलटायचा राहिलाय तुझा. सकाळपासून बघते आहे!"

"बघते, बघते," सालोमी न वळता म्हणाली.

ओट्यावर क्रिस्टिना हिरवं लेबल शेजारी ठेवून आकडे टाइप करत होती. रेघेखालचे आकडे वाचायला तिला काही अडचण पडली नाही. मग ती थांबली.

"आजी, नंबरासमोर नाव लिहायचं असतं. कुणाशी बोलायचं ते. तुझं लिहू?"

सालोमी मांडवाशी पोचली होती. तिने पदर खोचला.

"जी बोलते तिचं लिही," ती म्हणाली.

आणि ती डाव्या कोपऱ्याकडे वळली. तिथली दोन ओळी केळी खरंच सकाळपासून एकाच कुशीवर होती.